आईचं घर विकण्याआधी : कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

ठरलं. आई आता कायमची माझ्याकडे राहणार आणि घर विकायचं. दादाशी रात्री तासभर बोलले. त्याचं म्हणणं, आहे तसं विकू, घेणारा काय ते बघून घेईल. माझं म्हणणं, दोन महिने दे, मी ते दाखवण्यासारखं करते. तो ‘बरं’ म्हणाला. काम माझ्याकडे, खर्च निम्मा-निम्मा.

वही घेऊन आज पहिली फेरी मारली. मुद्दाम फाटकापासून सुरुवात केली, कारण बघायला येणारा माणूस तिथूनच बघायला लागतो. फाटकाची कडी वर उचलून मग ओढावी लागते. आमच्या हातांना ते इतकं सवयीचं की हा दोष आहे हेच मी विसरले होते. दाराशी येईपर्यंत सात गोष्टी लिहून झाल्या.

१३ जानेवारी

मैत्रिणीला बोलावलं. ती या घरात याआधी कधीच आलेली नाही, म्हणून तीच हवी होती. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. नाक काही मिनिटांतच ओळखीच्या वासाची दखल घेणं सोडून देतं. तिला म्हटलं, आत शिरल्यावर पहिल्या मिनिटात जो वास येईल तो सांग, भीड धरू नकोस.

तिने दोन सांगितले. स्वयंपाकघरात जुन्या तेलकट धुराचा आणि मागच्या बाथरूमच्या दारात गटाराचा. पहिल्याचं कारण ओट्यावरच्या भिंतीवर आणि कपाटांच्या माथ्यावर बसलेला चिकट थर. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून घासलं की निघतो, फक्त घासणारे हात हवेत. दुसऱ्याला मी मोठं काम समजून बसले होते. निघालं भलतंच. ते बाथरूम वर्षभर कुणी वापरलेलं नाही. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या वळणात, जे चार-पाच सेंटिमीटर पाणी साचून राहतं, तेच खालच्या वासाला अडवतं. ते आटलं होतं. दोन तांबे पाणी ओतलं. आता दर आठवड्याला ओतायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

१४ जानेवारी

एकूण ४१ गोष्टी. निम्म्याहून जास्त अगदी किरकोळ : ठिबकणारा नळ, खोलीच्या दाराची खालून घासणारी कड, सैल खिट्टी, एक पिवळा पडलेला स्विच, खिडकीची तडकलेली काच.

दादाला यादी पाठवली तर म्हणाला, एवढ्यासाठी कुणी घर नाकारत नाही. नाकारत नसेलही. पण पाया, वायरिंग, भिंतीतले पाइप यांतलं काहीही त्या माणसाला दिसणार नाही. जे दिसत नाही त्याचा अंदाज तो दिसणाऱ्यावरूनच बांधणार. ठिबकणारा नळ बघितला की त्याच्या मनात येतं, यांनी नळाकडे लक्ष दिलं नाही, मग टाकीकडे दिलं असेल का?

१८ जानेवारी

दोन दिवस नुसती आवराआवर. चार ढीग : आईबरोबर न्यायचं, दादाला द्यायचं, देऊन टाकायचं, टाकायचं. माळ्यावरचं सगळं खाली काढलं. कपाटं निम्मी रिकामी ठेवायची असं ठरवलं आहे. बघणारे कपाटं उघडतातच, आणि ठासून भरलेलं कपाट दिसलं की या घरात जागा कमी असं वाटतं.

बाहेरच्या खोलीतले फोटो काढायला मात्र जड गेलं. आई खुर्चीत बसून बघत होती. मी तिला समजावलं, आई, येणाऱ्याला या भिंतीवर स्वतःचे फोटो कुठे लागतील ते दिसलं पाहिजे, आपले असले की तो पाहुण्यासारखा वागतो, दबकून, पटकन निघून जातो. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठली आणि बाबांचा फोटो स्वतःच उतरवून आपल्या पिशवीत ठेवला. मी बाकीचे उद्यावर टाकले.

२१ जानेवारी

आजचा दिवस मोठा.

बाहेरच्या खोलीतलं बाबांनी करून घेतलेलं पुस्तकांचं कपाट हलवलं. सहा फूट उंच, भिंतीच्या मापाचं, पूर्वेच्या खिडकीचा जवळजवळ तिसरा हिस्सा झाकणारं. रिकामं करूनही चौघं लागली. ते सरकलं आणि खोलीत एवढा उजेड आला की आई आतून ‘दिवा कुणी लावला?’ म्हणत बाहेर आली. तीस वर्षं ही खोली अंधारी समजून मी तिथे दिवसाही दिवा लावत आले.

आणि त्याच कपाटामागे, खिडकीच्या डाव्या हाताला, जमिनीपासून छातीपर्यंत ओल. रंगाचे पोपडे, त्यामागे पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून निघालेले क्षार, हात लावला की भुकटी पडते. कपाटाची मागची फळी खालून काळी पडलेली.

२२ जानेवारी

दादाचा फोन. त्याचं म्हणणं, ओल अडवणारा जाड रंग मिळतो, दोन हात मार, वर्षभर काही दिसत नाही. नाहीतर कपाट परत तिथेच ठेव.

मी चिडले, पण कारण नीट सांगितलं. भिंतीत पाणी आहे तोवर त्यावर हवाबंद रंग चढवला तर ते पाणी आत कोंडतं, बाहेर पडायला दुसरी वाट शोधतं आणि ओल वर चढते किंवा पलीकडच्या खोलीत निघते. रंग तर काही महिन्यांत फुगतोच. तेव्हा आत राहणारी माणसं आपल्याला ओळखत नसतील, पण आपण त्यांना जाणूनबुजून फसवलेलं असेल. दादा, तू त्या घरात मुलांना घेऊन राहायला गेला असतास तर?

तो गप्प झाला. मग म्हणाला, आधी पाणी येतंय कुठून ते तर शोध.

२३ जानेवारी

ओल हवेतली की भिंतीतली, हे आधी ठरवायला हवं. ओल्या भागाच्या वरच्या कडेला एक जागा पंख्याने सुकवून हातभर ॲल्युमिनियम फॉइल चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावली. दोन दिवसांनी काढायची. फॉइलच्या बाहेरच्या अंगाला दव दिसलं तर खोलीतल्या हवेची वाफ थंड भिंतीवर जमते आहे, आतल्या अंगाला दिसलं तर पाणी भिंतीतूनच येतं आहे.

ओल जिथपर्यंत आहे त्या कडेने पेन्सिलने रेघ ओढली आणि शेजारी तारीख लिहिली.

२५ जानेवारी

फॉइलच्या आतल्या अंगाला थेंब. बाहेरून कोरडी ठणठणीत.

त्या भिंतीत पाण्याचा पाइप नाही. तरी खात्री करायला घरातले सगळे नळ बंद केले, मीटरचा आकडा लिहिला आणि दोन तास कुणी पाण्याला हात लावला नाही. आकडा तसाच. म्हणजे गळती आतली नाही.

संध्याकाळी हे सगळं आईला सांगत होते. ती सहज म्हणाली, ‘ती ओल तुझ्या बाबांना माहीत होती. दरवर्षी पावसाआधी ते शिडी लावून त्या कोपऱ्यातली पन्हळ साफ करायचे. नाही केली की भिंत भिजते, म्हणायचे.’

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. चार वर्षं त्या पन्हळीकडे कुणी बघितलेलं नाही. मीही नाही.

२७ जानेवारी

माणूस वर चढवला. पन्हळीत विटेएवढा जाड पाल्याचा आणि मातीचा थर, त्यात उगवलेलं रोप. वरून नळीने पाणी सोडलं आणि मी खाली उभी राहिले. पाणी खाली येणाऱ्या पाइपात न जाता पन्हळीच्या काठावरून सरळ भिंतीवर ओघळलं, बरोबर त्या जागी. पाइपाचा मधला सांधाही निसटलेला. जे थोडं पाणी पाइपात जायचं तेही तिथून भिंतीवर.

खाली आणखी एक गोष्ट. आईच्या फुलझाडांच्या वाफ्याची माती वर्षानुवर्षं भर घालून जोत्याच्या रेषेच्याही वर गेलेली. म्हणजे वरून पाणी आणि खालून ओली माती, भिंत दोन्ही बाजूंनी पीत होती.

केलेली कामं : पन्हळ साफ, तोंडाशी जाळी, पाइपाचा नवा सांधा, पाइपाचं खालचं तोंड भिंतीपासून लांब वळवलं, वाफ्याची माती दोन विती खाली काढून भिंतीपासून उतार दिला. रोपं कुंड्यांत हलवली. सगळं एका दिवसात झालं. फोटो आधीचे आणि नंतरचे, दोन्ही काढले.

२८ जानेवारी

गवंडी आला. निसटलेलं प्लास्टर पाडलं. लोणा पाण्याने धुवायचा नाही हे त्याने बजावलं : पाण्यात विरघळून तो परत भिंतीत शिरतो. कोरड्या ब्रशने झाडून भुकटी सुपलीत भरून बाहेर न्यायची.

मग मी विचारलं, रंग कधी लावता येईल? तो म्हणाला, ‘ताई, भिंतीला एका इंचाला एक महिना. ही नऊ इंची आहे.’

नऊ महिने. मी तर मार्चमध्ये घर दाखवायचं म्हणते आहे.

२९ जानेवारी

रात्री झोप आली नाही. दादाशी आणि आईशी दोघांशीही बोलले आणि निर्णय घेतला : ती भिंत उघडी ठेवायची. त्यावर फक्त चुन्याचा हात द्यायचा, कारण चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. बाकी खोली पूर्ण रंगवायची. येणाऱ्या प्रत्येकाला ती भिंत आपणहून, त्यांनी विचारायच्या आधी दाखवायची. ओल मोजायचं छोटं यंत्र विकत घेतलं. त्याचा आकडा लाकडासाठी खरा असतो, प्लास्टरवर नाही, आणि भिंतीत क्षार असले की तो फुगतो. म्हणून दर वेळी समोरच्या कोरड्या भिंतीचाही आकडा घ्यायचा आणि दोन्ही शेजारी-शेजारी लिहायचे. दर पंधरा दिवसांनी नवी पेन्सिलची रेघ.

दादा शेवटी म्हणाला, ‘घर पडून राहिलं तर तुझी जबाबदारी.’ मी हो म्हटलं.

२ फेब्रुवारी

नळ, खिट्ट्या, स्विच, काच झालं. दार घासत होतं ते रंधा मारण्याआधी सुताराने बिजागरी तपासली. वरचे स्क्रू सैल, दार लोंबलेलं. भोकात लाकडाच्या काड्या गोंद लावून ठोकल्या, वाळल्यावर स्क्रू परत आवळले. रंध्याची गरजच पडली नाही. आधीच रंधा मारला असता तर पुढे कुणी स्क्रू आवळल्यावर खाली फट राहिली असती.

संडासाच्या टाकीत रंगीत पाणी टाकून वीस मिनिटं थांबले. भांड्यात रंग उतरला. आतलं रबर बदललं.

जिन्याच्या भिंतीतली तिरपी भेग इंजिनिअरला दाखवली. केसाएवढी आहे, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली, अशा ठिकाणी ताण जमतो म्हणून बहुतेक घरांत असते. पाच मिलिमीटरच्या वर रुंद किंवा वाढत जाणारी भेग असेल तर काळजी, म्हणाले. लेखी मागितलं, त्यांनी दिलं.

४ फेब्रुवारी

बाथरूम. टाइल्सच्या फटी खाण्याचा सोडा आणि पाण्याच्या लगद्याने घासल्या. मदतीला आलेल्या बाईंनी सवयीने ॲसिड आणलं होतं, शेजारी ब्लीचची बाटली. मी दोन्ही उचलून बाहेर ठेवलं. ते एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. शिवाय ॲसिड फटीतलं सिमेंट खातं. बेसिनच्या कडेचं काळं पडलेलं सिलिकॉन ब्लेडने काढून नवीन भरलं. २४ तास पाणी नाही.

९ फेब्रुवारी

रंगकाम चालू आहे.

रंग निवडण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. दुकानातल्या पट्टीवरचा रंग भिंतीवर नेहमी गडद दिसतो, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींचा रंग परत फेकतात. मोठ्या पुठ्ठ्यांवर तीन छटा लावून ते प्रत्येक खोलीत सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली ठेवून बघितले. शेड कार्डावर छटेखाली एलआरव्ही असा आकडा असतो : किती प्रकाश परतवते ते, काळ्यासाठी ० आणि पांढऱ्यासाठी १०० धरून. जुना हिरवा ४० च्या आसपास होता. नवा, किंचित पिवळसर झाक असलेला मोतिया, ७५ च्या वर. निव्वळ पांढरा मी टाळला. उत्तरेच्या खोलीत तो निळसर, आजारी दिसत होता.

रंगारी दारांचा जुना ऑइल पेंट कोरडा घासायला निघाले होते. घर जवळजवळ चाळीस वर्षांचं आहे. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. वॉटर पेपरने, पाणी लावून घासून घेतलं, खाली प्लास्टिक अंथरलं, निघालेला चिखल त्यातच गुंडाळून बाजूला काढला. त्यांचा दीड दिवस जास्त गेला. मी तो मोजून दिला.

लांबी (पुट्टी), घासणे, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. घाई फक्त एकदा केली, दुसरा हात पहिला पूर्ण वाळायच्या आत मारला, आणि आईच्या खोलीत पट्टे उठले. ती भिंत परत.

१२ फेब्रुवारी

दुसरी रेघ खरं तर ८ तारखेला ओढली, लिहायची राहिली. पहिल्या रेघेपेक्षा चार बोटं खाली. आकडाही उतरला आहे.

दिवे सगळे बदलले. घरात तीन प्रकारचा उजेड होता : कुठे पिवळा, कुठे निळसर पांढरा. एका खोलीतून दुसरीत जाताना दोन वेगळ्या घरांत गेल्यासारखं वाटायचं. आता खोल्यांत ३००० केल्विनचा पिवळसर उजेड, ओट्यावर ४००० चा, जरा पांढरा. नऊ वॅटचा एलईडी जुन्या साठ वॅटच्या बल्बएवढा, साधारण ८०० ल्युमेन, उजेड देतो.

१५ फेब्रुवारी

फर्निचर. एक तृतीयांश बाहेर काढलं. उरलेलं भिंतीला चिकटवून न ठेवता थोडं आत घेतलं, चालायच्या वाटा ८०-९० सेंटिमीटर मोकळ्या ठेवल्या. जी खोली आम्ही इतकी वर्षं अडगळ म्हणून वापरली तिथे टेबल, खुर्ची आणि एक दिवा ठेवला. आता ती अभ्यासाची खोली आहे. रिकामी ठेवली असती तर ती लहान वाटली असती, कारण रिकाम्या खोलीत मापाला काहीच नसतं.

आईला आणून दाखवलं. सगळ्या खोल्यांतून सावकाश फिरली. म्हणाली, ‘एवढं मोठं होतं का गं?’

१९ फेब्रुवारी

फोटो. सकाळी पूर्वेच्या खोल्या, दुपारनंतर पश्चिमेच्या. कॅमेरा स्टँडवर, छातीच्या उंचीवर, आणि अगदी सरळ, नाहीतर भिंती पडल्यासारख्या दिसतात. फोटो काढणाऱ्या मुलाने फार रुंद लेन्स लावली होती, खोली दीडपट दिसत होती. मी ती बदलायला लावली. माणूस फोटो बघून येतो आणि दारातच हिरमुसतो, मग त्याला चांगलंही दिसत नाही.

चुन्याच्या भिंतीचाही फोटो घेतला. जाहिरातीत तो पाचवा आहे.

२२ फेब्रुवारी

फाइल तयार केली. मालकीची कागदपत्रं, मंजूर नकाशा, कर भरल्याच्या पावत्या, इंजिनिअरचं पत्र, दुरुस्त्यांची बिलं. शेवटी ओलीचं प्रकरण : फोटो, तारखा, आकडे, पन्हळीचं काम, आणि मला समजलेलं कारण माझ्याच शब्दांत.

२८ फेब्रुवारी

तीन कुटुंबं येऊन गेली. पहिल्यांनी भिंतीचं नाव काढताच चपला घातल्या. दुसऱ्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, रंगवून ठेवली असती तर बरं दिसलं असतं. तिसऱ्यांनी काहीच विचारलं नाही. दादाला सांगायचा धीर होईना, तरी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, ‘अजून थांब.’

८ मार्च

तिसरी आणि चौथी रेघ झाली. ओल आता गुडघ्याच्या जरा वर. पाऊस एकदा चांगला पडून गेला, मी त्या रात्रीच जाऊन पन्हळ बघून आले. पाणी पाइपातून लांब पडत होतं.

१४ मार्च

एक जोडपं, बरोबर मुलीची आजी. घरभर फिरल्यावर मी त्यांना भिंतीपाशी नेलं आणि फाइल उघडली. आजी खाली वाकून रेघा बघत राहिल्या. एकेक तारीख मोठ्याने वाचली. मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘पन्हळ कुठली ती दाखवता?’ मागे जाऊन दाखवली. त्यांनी मातीच्या उतारावर पाय दाबून बघितला.

२१ मार्च

तेच जोडपं स्वतःचा इंजिनिअर घेऊन आलं. त्याने त्याचं यंत्र लावलं, आमचे आकडे ताडले, वर चढून पन्हळ बघितली. दीड तास. जाताना त्याने फाइलमधली तीन पानं फोटो काढून घेतली.

२९ मार्च

बोलणी झाली, लिखापढीही झाली. भिंत वाळल्यावर प्लास्टर आणि रंगाला लागेल तेवढी रक्कम आम्ही किमतीतून सोडली. दादाने तो आकडा स्वतः सुचवला. त्यांनी एकच मागणं केलं : रेघा पुसू नका, आणि ते यंत्र ठेवून जा.

४ एप्रिल

आज किल्ल्या दिल्या. मुख्य व्हॉल्व्ह, मीटर, टाकीचं झाकण, फ्यूज, सगळ्यांना चिठ्ठ्या लावल्या आहेत. मागच्या बाथरूमच्या ट्रॅपमध्ये पाणी ओतायचं, हेही लिहून ठेवलं. शिडी आम्ही नेणार होतो. आई म्हणाली, ‘राहू दे तिथेच, पावसाआधी लागेल त्यांना.’ मागच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे.